शेंदूर चढलेला लेथ

पुलगावात स्टेशनच्या रस्त्याला रूपरावांचं टिनाचं वर्कशॉप होतं आणि त्यात पंजाबातून मागवलेलं, लोखंड कातायचं लेथ मशीन होतं. आसपासच्या गावांत तेव्हा दुसरा लेथ नव्हता. विहिरीवरच्या इंजिनाचा शाफ्ट झिजला, पंपाची बुश गेली, की माणूस सायकलच्या कॅरिअरला तो तुकडा बांधून रूपरावांकडे येई आणि रूपराव देतील ती तारीख मुकाट्याने घेऊन जाई. लोक त्यांना आडनावाने ओळखतच नसत. 'लेथवाले' एवढं म्हटलं की झालं. एकदा कुणाच्या लग्नपत्रिकेवर 'श्री. रूपरावजी लेथवाले' असं छापून आलं होतं. लग्न होऊन त्या जोडप्याला पोर झालं तरी ती पत्रिका वर्कशॉपातल्या खिळ्याला लटकतच होती.

एवढं मिळाल्यावर माणसाने सुखाने दोन घास खावेत. पण रूपरावांना एक साढू होता.

साढूचं नाव तानबा. रूपरावांची बायको शोभाबाई आणि तानबाची यशोदाबाई या सख्ख्या बहिणी, नाचणगावच्या मनकर्णाबाईंच्या लेकी. तानबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता आणि सासूच्या घराला लागूनच राहत होता. रूपराव त्याला पाठीमागे घरजावई म्हणत आणि तोंडावर 'तानबा' म्हणत. तानबाची गावातली ओळख मात्र वेगळी होती. त्याला सगळे 'लेथवाल्याचा साढू' म्हणत. कुणी विचारलं तर तो स्वतःही तेच सांगे, आणि हसून सांगे. दिवाळीला सासुरवाडीत पहिला पाट रूपरावांचा मांडला जाई, दुसरा तानबाचा. दुसऱ्या पाटावर बसून तो पहिल्या पाटावरच्या माणसाइतकंच पोटभर जेवे. त्याला काहीच कसं खुपत नाही, हे रूपरावांना फार खुपे.

शहात्तर सालच्या सुमारास ती जिनिंग बंद पडली. शेठने यंत्रं मोडीत काढायला सुरुवात केली. मागच्या शेडमध्ये, सरकीच्या फाटक्या पोत्यांखाली, एक जुना विलायती लेथ कधीपासून पडून होता. एका सकाळी तानबा रूपरावांच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊजी, थोडे चालता का? एक मशीन पाहाचं हाये. तुमच्याशिवाय कोणाले समजणार नाई."

रूपराव गेले. शेडमध्ये कबुतरांनी त्या लेथवर इतकी शिट करून ठेवली होती की लोखंड कुठे आहे ते शोधावं लागे. रुईचा भुसा तेलात बसून दगडासारखा झाला होता. अर्धी हँडलं मोडलेली, काम पकडून धरणाऱ्या चकचे जबडे जाम. रूपरावांनी नाकाला रुमाल लावला आणि सहज म्हणून चकमागे हात घालून त्याला फिरवणारा दांडा, स्पिंडल, फिरवून पाहिला. पहिल्यांदा तो अडला. मग फिरला, आणि असा फिरला की कुठे खडखड नाही की हिसका नाही. रूपरावांनी हात सोडला तरी तो थोडा वेळ आपला आपण फिरत राहिला. त्यांनी पत्र्याच्या तुकड्याने बेडवरचा कचरा खरवडला. खालचं लोखंड काळंभोर आणि घट्ट. असं ओतकाम त्यांनी फक्त नागपुरात, रेल्वेच्या शॉपमध्ये पाहिलं होतं. त्यांचा पंजाबी लेथ याच्यापुढे खेळणं होता.

चाळीस वर्षांचा जाणता माणूस, पण चांगलं यंत्र दुसऱ्याच्या दारात जाणार या नुसत्या कल्पनेने त्याचं तोंड कडू झालं.

"का म्हणता भाऊजी?" तानबाने विचारलं.

"भंगार हाये," रूपराव हात पुसत म्हणाले. "बेड गेला, स्पिंडल गेला. गळ्यात धोंड बांधून घेशीन. जाऊ दे मोडीत."

आणि मनातल्या मनात त्यांनी बेत केला, की बाजाराचा दिवस झाला की आपणच शेठकडे जायचं. पण बाजाराचा दिवस यायच्या आत तानबा पेढे घेऊन आला.

"घेतला भाऊजी!"

"काय घेतला?"

"तोच. शेटनं भंगाराच्या भावात देऊन टाकला. मी म्हणलं, लेथवाले सोता पाहून गेले, ते म्हणतेत भंगार हाये. तुमचं नाव काढलं आन् शेट पुढं बोललाच नाई!" तानबाने वाकून साढूच्या पायाला हात लावला. "मले तेच बरं वाटते, जुनं खोलून बसाले. नाई चाललं त नाई चाललं."

रूपरावांनी पेढा न खाताच खिडकीत ठेवला. रागवायलाही जागा नव्हती. आपल्याच तोंडाने आपण तो लेथ साढूला स्वस्त करून दिला, हे कुणाला सांगणार?

लेथ दोन बैलबंड्यांवर घालून नाचणगावात आला आणि मनकर्णाबाईंच्या रिकाम्या कोठ्यात उतरला. पूर्वी तिथे बैलजोडी बांधत. तानबाने पुरा लेथ खोलला. रॉकेलच्या टिनात एकेक भाग भिजत घातला. यशोदाबाई स्वयंपाक आटोपला की लुगड्याचा पदर खोचून काथ्याने ते भाग घासत बसे. रूपरावांचं आता नाचणगावात भलतंच काम निघू लागलं. कधी जवस आणायची असे, कधी सुताराला भेटायचं असे. येता-जाता ते कोठ्याच्या दारात सायकल टेकवत, एक पाय जमिनीवर ठेवत आणि आत न येता बघत. दर खेपेला एखादा नवा भाग चकाकत असे. दर खेपेला त्यांना वाटे की आज काहीतरी तुटलेलं दिसावं. आणि दर खेपेला तानबा आतून ओरडे, "या ना भाऊजी, च्या घ्या!"

घरीही सुटका नव्हती. शोभाबाई माहेराहून आली की तेच.

"यशोदीचे हात रॉकेलानं फाटून गेले. पण का खुश हाये ते! म्हणे, आमच्या मशीनवर लिहिलेलं इंग्रजी नाव निघालं, पितळीचं."

"नावाले का चाटाचं हाये?"

"तुमाले काऊन मिरच्या लागून राह्यल्या? तुमचाच साढू हाये ना? चांगलं होऊन राह्यलं त होऊ द्या."

"मी कुठं नाई म्हणलं?" रूपराव म्हणाले आणि ताटावरून अर्धपोटी उठले.

त्यांची सगळी आशा आता बेडवर होती. लेथचा बेड म्हणजे ते लांब, सपाट लोखंडी रूळ, ज्यावरून हत्यार पुढे-मागे सरकतं. या लेथचा बेड चकजवळ झिजला होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बेड सरळ नाही तर काम सरळ निघत नाही. तो सरळ करायचा तर हाताने खरवडूनच करावा लागतो, आणि हे काम माणसाचा जीव काढतं. बेडवर तेलात कालवलेल्या शेंदराचा पातळ हात द्यायचा. त्यावरून सपाट लोखंडी पट्टी फिरवायची. जिथे शेंदूर घासून निघून लोखंड चमकलं, तिथे उंचवटा. तेवढाच खरवडायचा. मग सगळं पुसायचं, पुन्हा शेंदूर, पुन्हा पट्टी. असं शेकडो वेळा. रूपरावांनी आपल्या लेथसाठी तशी पट्टी बाळगली होती. तानबा ती मागायला येणार हे ओळखून त्यांनी ती माळ्यावर ठेवली होती. शोभाबाईने ती काढून परस्पर बहिणीकडे पोचवली.

हे कळलं त्या शनिवारी रूपराव तणतणत नाचणगावला गेले. तानबा घरी नव्हता, पॉलिशपेपर आणायला गेला होता. यशोदाबाई वावरात गेलेली. कोठ्याच्या दाराशी मनकर्णाबाई एकट्या उभ्या होत्या, हात जोडून.

आत लेथचा बेड या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदराने लाल झाला होता. वरच्या कवेलूच्या फटीतून ऊन नेमकं त्यावर पडलं होतं.

"जवाईबुवा," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे का व्हय? तानबाजीनं याले शेंदूर काऊन लावला? आज शनिवार हाये."

एका वाक्याचं काम होतं. मामी, ते मोजमापासाठी असते, मीबी लावतो. एवढं म्हटलं असतं तर म्हातारी हसून घरात गेली असती. वाक्य रूपरावांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण तेवढ्यात त्यांना भिंतीला टेकवलेली आपली पट्टी दिसली.

"मी का सांगू मामी?" ते म्हणाले. "शेंदूर लागला म्हणजे लागला. आता पुसाचा का नाई, हे तुमीच जुन्या माणसानं सांगा."

"राम राम! शेंदूर कुठं पुसत असतेत?"

"तेच त म्हणून राह्यलो मी," रूपराव म्हणाले आणि चपला बाहेर काढून त्यांनी लेथला नमस्कार केला. त्या दिवशी ते किती आनंदात सायकल मारत घरी गेले म्हणता! घंटी वाजवायला रस्त्यात कुणी नव्हतं तरी वाजवत गेले.

तानबा परत आला तेव्हा बेडवर जास्वंदीची फुलं होती, चकला हळदकुंकू होतं, आणि शेजारच्या चार बाया नारळ घेऊन उभ्या होत्या. त्याने समजावून पाहिलं. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं समदं खरं असन, जवाईबुवा. पण माह्या घरात शेंदूर कोणी पुसला नाई आजपर्यंत." कोठा त्यांचा होता. तानबाने कपाळाला हात लावला. काम ठप्प झालं.

तो पंधरवडा रूपरावांच्या आयुष्यातला सगळ्यात गोड गेला. ते जेवताना मागून घेऊ लागले. कुणी विचारलं, "तुमच्या साढूचं मशीन कवा सुरू होऊन राह्यलं?" तर ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, "देवाचं काम हाये बाप्पा. आपल्या हातात का हाये?"

मग एक दिवस शोभाबाई माहेराहून हसतच आली.

"तानबाजीनं का केलं माहीत हाये का? मायले म्हणाले, मामी, मारुतीचा जुना शेंदूर उतरवून नवा चढवतेत का नाई? मायनं म्हणलं, चढवतेत ना, खोळ उतरवतेत. त म्हणे, मंग मी याचा रोज उतरवून रोज चढवतो. देवाची सेवा होईन. माय एका शब्दानं नाई म्हणू शकली नाई. आता सोताच वाटी घेऊन बसते, शेंदूर कालवून देते त्यायले!"

रूपरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

आणि खरंच, बेड खरवडायचं ते जीव काढणारं काम नाचणगावात नित्याची पूजा होऊन बसलं. तानबा एकटा असता तर कदाचित महिन्याभरात कंटाळला असता. आता त्याला कंटाळायची सोय उरली नाही. सकाळी अंघोळ करून सासूबाई वाटी घेऊन हजर. जुना शेंदूर उतरला, उंचवटे खरवडले, नवा चढला. कधी चुकून तानबा झोपून राहिला तर त्या दार वाजवत. शेंदूर संपला तर शेजारणी पुड्या आणून देत. सगळं गाव नकळत त्या बेडच्या मागे लागलं होतं. पुढच्या पोळ्याच्या सुमारास तो बेड असा झाला की त्यावर रूपरावांची पट्टी ठेवली तर खालून कागदसुद्धा सरकेना.

हिवाळ्यात लेथ सुरू झाला. पहिलं काम आलं ते एका इंजिनाच्या शाफ्टचं. गहू पाण्यावर आला होता आणि रूपरावांनी त्या माणसाला आपल्या सवयीने आठवड्यानंतरची तारीख दिली होती. तो चिडून नाचणगावला गेला. तानबाने दुसऱ्या दिवशी शाफ्ट हातात दिला आणि मनकर्णाबाईंनी त्याला शेंदराचं बोट लावलं. तो शाफ्ट चालला. पुढचाही चालला. मग गावोगावी बोललं जाऊ लागलं, की शेंदराच्या लेथवर कातलेला शाफ्ट तुटत नाही.

रूपरावांची पंचाईत अशी, की खरं कारण त्यांना ठाऊक होतं. मशीन वजनदार, बेड सरळ, हात सावकाश, म्हणून काम गोल निघतं. पण हे सांगायचं म्हणजे साढूचा लेथ आपल्यापेक्षा चांगला आहे असं कबूल करायचं. आणि तो देव नाही म्हणावं, तर त्याला पहिला नमस्कार आपणच केलेला, सासूच्या डोळ्यांदेखत. मनकर्णाबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "थोरल्या जवायानंच ओळखलं पहिले. म्हणाले, मामी, हा शेंदूर पुसू नोका." जळून जळून माणूस काळा पडत असता तर रूपराव त्या वर्षांत आपल्या लेथवरच्या, हत्यार धरणाऱ्या काळ्याकुट्ट टूलपोस्टसारखे दिसले असते.

गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. मोठी कामं आधी गेली, मग लहानही. रूपरावांकडे सायकलीच्या नटाला आटे पाडायला लोक येत. एका दिवाळीला सासुरवाडीत पाट मांडले गेले. मनकर्णाबाईंनी काही बदललं नव्हतं, पहिला पाट रूपरावांचाच होता. पण वाढताना त्या दोनदा दुसऱ्या पाटाशी थांबल्या, कारण तानबाला जेवता जेवताच कुणीतरी भेटायला आलं होतं, बाहेर ओट्यावर बसलं होतं, आणि त्याचंही पान वाढायचं होतं. रूपरावांनी त्या दिवशी अनारसा न खाताच हात धुतला.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात रूपरावांच्या लेथने त्यांना दगा दिला. स्पिंडल बेअरिंगपाशी चिरला. आता दुनियेचे स्पिंडल लेथवर कातता येतात, पण लेथला स्वतःचाच स्पिंडल कातता येत नाही. रूपरावांनी नवं पोलाद आणलं, पोत्यात गुंडाळलं आणि नागपूरच्या गाडीची वेळ विचारायला निघाले.

"घरचा लेथ असून नागपूरले काऊन जाता?" शोभाबाई म्हणाली.

"कोणाचा घरचा?"

"तानबाजीचा घरचा नाई त कोणाचा? लोक दुरून दुरून येऊन राह्यले, आन् तुमी इथून तिथं जाऊ शकत नाई?"

वर्कशॉप बंद होतं, हे खरं होतं. नागपुरात किती दिवस लागतील याचा भरवसा नव्हता, हेही खरं होतं. पण रूपराव नाचणगावला गेले ते यासाठी नाही. त्यांना त्या लेथवर एकदा हात ठेवायचा होता. पहिल्या दिवशी स्पिंडल आपला आपण फिरत राहिला होता, ते त्यांना पाच वर्षं झोपेतही दिसत होतं.

कोठ्याबाहेर चपलांचा ढीग पडला होता. माणसं तुकडे घेऊन बसली होती. दाराशी खुर्ची टाकून मनकर्णाबाई बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नसे, पण कुणी चपला घालून आत शिरलं तर बरोबर समजे. तानबाने रूपरावांना पाहिलं आणि धावतच बाहेर आला.

"या भाऊजी, या! चपला असू द्या. खाली चुरा पडला हाये लोखंडाचा, पायात रुतन. मी समद्यायले सांगतो, कोणी ऐकतच नाई."

रूपरावांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याच दिशेने तोंड करून हसत होत्या. त्यांनी चपला काढल्या.

तानबाने चिरलेला स्पिंडल हातात फिरवून पाहिला, पोलाद पाहिलं, आणि बाजूला झाला. "तुमीच काता भाऊजी. तुमच्या मशीनचं माप तुमच्या हाताले ठाऊक. मी तवर यायचे तुकडे मोजून घेतो."

रूपराव त्या लेथसमोर उभे राहिले. पोलाद चकात धरलं, मोटर सुरू केली, हत्यार लावलं. लोखंडाची चकचकीत सालं न तुटता उतरू लागली. हँडल इतकं हलकं, की बोटाने फिरावं. कुठे थरथर नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माझा होता. मी पहिला हात लावला होता. मी भंगार म्हणालो. ते कातत राहिले आणि हळूहळू त्यांचा हात लागला, खांदे सैल झाले, मान सरळ झाली. किती वर्षांनी त्यांच्या हाताकडे माणसं टक लावून बघत होती. दारातला एक म्हातारा शेतकरी पुढे सरकला. बाहेरगावचा होता, वडनेरकडचा. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने कपाळ पुसलं.

"हात मोठा सफाईदार हाये बाप्पा," तो म्हणाला. "मोठं नाव ऐकून आलो. लेथवाले ते तुमीच काय?"

रूपरावांचा हात हँडलवर थांबला. उत्तर द्यायला त्यांनी मान वर केली.

"नाई बा," दारातून मनकर्णाबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "ते लेथवाल्याचे साढू हायेत."

"असं असं," म्हातारा म्हणाला आणि आदराने थोडा मागे सरला.

रूपरावांनी मान खाली घातली, हत्यार मागे घेतलं आणि पुढच्या कापाला लावलं. तळपायात चुरा रुतत होता. त्यांनी पाय हलवला नाही.